आधी हात मोजा, मग शेळ्या

शेळीपालन सुरू करायचंय म्हणून आमच्या गोठ्यावर महिन्याला दोन-तीन जण तरी येऊन जातात. पहिला प्रश्न ठरलेला: शेड किती बाय कितीचं बांधू? दुसरा अनुदानाचा, तिसरा बोकडाच्या भावाचा. घरात माणसं किती, त्यातली पहाटे साडेपाचला उठणारी किती आणि मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहतं, हे मात्र मलाच विचारावं लागतं. विचारलं की पाहुणे माझ्यावरची नजर काढून आमच्या ह्यांच्याकडे बघायला लागतात. धंद्याचं बोलणं पुरुषाशी करायचं असतं ना! हे तंबाखू मळत म्हणतात, "तिलाच विचारा. शेळ्या तिच्या नावावर आहेत."

त्या सगळ्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आम्ही तुळजापूर तालुक्यातले. चार एकर जमीन आणि एक विहीर, तीही फेब्रुवारीनंतर रुसते. शेळ्या उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं, शेळीचं मात्र जुनंच राहिलं. काळी, काटक, उन्हाला न हरणारी आणि बऱ्याचदा जुळी देणारी ही शेळी आमच्या भागाचीच, त्यामुळे जात निवडायचा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. तुम्हालाही पडू नये. नगर-नाशिककडे संगमनेरी आहे, विदर्भात बेरारी, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ. तुमच्या हवेत, तुमच्याकडच्या पाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या तगलेली शेळी सोडून मोबाइलवर बघितलेल्या अंगापिंडाने भरलेल्या बोअर बोकडाला भुलू नका. तो वाईट नाही. पण त्याला लागणारा खुराक रोज त्याच्यापुढे टाकणार कोण?

सध्या आमच्याकडे 14 शेळ्या, एक बोकड आणि हंगामाप्रमाणे करडं असतात. माणसं पाच: आम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, बारावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. याच घरात एके काळी 42 जनावरं होती. त्या वर्षाची गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच आलेलं आहे.

कर्ज मिळालं, शेड झालं, आणि रिकामं शेड डोळ्यांना खुपायला लागलं. हप्ता तर पहिल्या महिन्यापासून सुरू. मग दोन दिवसांत तीन बाजार फिरून आम्ही 40 शेळ्या आणि 2 बोकड आणले. तीन बाजारांतली जनावरं एका टेम्पोत घातली, एका शेडात सोडली. आठव्या दिवशी एका शेळीच्या नाकाला शेंबूड दिसला. उन्हातून आली असेल, वाटलं. दहाव्या दिवशी तिच्या तोंडात फोड आणि मागे पातळ हगवण. तोवर सहा-सातजणी मान खाली घालून उभ्या होत्या. पीपीआर, ज्याला शेळ्यांचा प्लेगही म्हणतात, तो शेडात शिरला होता. तीन आठवड्यांत 17 गेल्या.

लोक म्हणाले, नशीब. नशीब कसलं! आजारी जनावर वेगळं काढायला आमच्याकडे जागा होती, हात नव्हते. जूनचा तिसरा आठवडा, सोयाबीनची पेरणी अंगावर आलेली. चाऱ्याचे भारे आणणारी मी, पाणी पाजणारी मी, औषध पाजणारी मी. आजारी आणि धडधाकट शेळ्यांमध्ये ये-जा करणारी माणसं तीच, बादल्याही त्याच. उरलेल्या जनावरांपैकी निम्मी पुढच्या सहा महिन्यांत पडत्या भावात विकली आणि कर्ज फेडायला तीन वर्षं लागली.

हात मोजायचे कसे

एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येक माणसाचे रोजचे मोकळे तास त्यावर लिहा. दिवाळीनंतरच्या निवांत दिवसांचे लिहू नका. पेरणीच्या आठवड्याचे लिहा, काढणीचे लिहा, मुलांच्या परीक्षेच्या महिन्याचे लिहा. सगळ्यांत कमी जो आकडा येईल तो तुमचा खरा.

आमच्या 14 शेळ्यांना रोज सरासरी पाच तास जातात. चारा कापून आणायला आणि कुट्टी करायला दीड तास, लेंड्या झाडायला अर्धा, पाण्याला अर्धा, खुराक आणि करडं पाजायला अर्धा, आणि चराईला दोन. हे पाच तास सलग नसतात, हीच खरी अडचण. पहाटे एक तुकडा, दुपारी एक, दिवे लागायच्या वेळी एक. त्यामुळे ज्याला नोकरी आहे आणि घरी फक्त म्हातारी आई आहे, त्याने पाचच्या वर शेळ्या घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पाच शेळ्या एकटी बाई घरकाम सांभाळून बघू शकते. पाचाच्या दहा झाल्या की दुसरा माणूस लागतो. पंचविसाच्या पुढे गेलात की पगारी गडी लागतो, आणि त्याच्या पगारासाठी पंचवीस पुरत नाहीत, शंभर लागतात.

राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 शेळ्या आणि 5 बोकडांच्या गटाला 50 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान आहे. योजना चांगली आहे, पण ती गडी ठेवू शकणाऱ्यांसाठी. आपल्यासारख्या घराने अनुदानाच्या आकड्याकडे बघून जनावरं ठरवली की काय होतं ते वर सांगितलंच.

हातांखालोखाल मोजायचा तो चारा. मोठ्या शेळीला दिवसाला साधारण 3 किलो हिरवा आणि किलोभर वाळला चारा लागतो. चौदा शेळ्यांचा हिरवा चारा झाला 42 किलो. करडं धरली की 50. म्हणजे डोक्यावरचे दोन चांगले भारे, रोज, वर्षाचे 365 दिवस. आम्ही बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावली, पाच गुंठ्यांत दशरथ घास आणि दहा गुंठ्यांत आलटून पालटून मका. शेवरीसारखं झाड कोरडवाहूवाल्यासाठी दुसरं नाही, पाला कापला की पुन्हा फुटते. सुबाभूळही छान, पण एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर घालू नका. तिच्यातल्या मिमोसिनने जनावराचे केस गळतात. तुरीची आणि सोयाबीनची गुळी बहुतेक शेतकरी बांधावर पेटवून देतात. ती मागून आणा. बाभळीच्या शेंगा तर फुकटचा खुराक आहे. आमचा मुलगा मार्च-एप्रिलमध्ये पोतं घेऊन हिंडतो आणि पोत्यामागे माझ्याकडून पैसे घेतो. मोलभाव करायलाही शिकला आहे.

फेब्रुवारी ते जून हा चाऱ्याचा खड्डा. तो भरायला मुरघास करून ठेवा. मोठे खड्डे खणायची गरज नाही, जाड प्लॅस्टिकच्या 50 किलोच्या पिशव्या चालतात. मक्याच्या कणसातला दाणा चिकात असताना कापा, बारीक कुट्टी करा, पायाने तुडवून हवा काढा, तोंड घट्ट बांधा आणि 45 दिवस हात लावू नका. उंदरांपासून जपा. एका भोकाने अख्खी पिशवी जाते. शेळ्या पहिल्यांदा तोंड फिरवतील, म्हणून सुरुवातीला मूठभर मूठभर मिसळून द्या.

एक धोका मात्र दरवर्षी कुणाच्या तरी शेळ्या घेतो, तो लक्षात ठेवा. पावसाने ताण दिलेली गुडघ्याएवढी ज्वारी, किंवा कापणीनंतर बुडख्याला फुटलेले कोवळे फुटवे. आमच्याकडे याला किराळ लागणं म्हणतात. त्यात सायनाइडसारखं विष तयार होतं आणि जनावर तासाभरातही जाऊ शकतं. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत त्या रानाकडे फिरकू नका.

विकत घेताना

बाजारातून घेऊच नका असं म्हणणार नाही, पण पहिल्या पाच-सहा शेळ्या ओळखीच्या घरच्या घ्या. ओळखीचा माणूस शेळीची आई दाखवतो. तिची कास, तिने किती जुळी दिली, दूध किती उतरतं, हे कळतं. बाजारात फक्त आंघोळ घातलेली शेळी दिसते, तीही पाणी पाजून फुगवलेली.

दात बघायला शिका. शेळीला पुढचे दात खालच्याच जबड्यात, आठ. दुधाचे बारीक दात सगळे असतील तर ती वर्षाच्या आतली. दोन मोठे आले की वर्ष-सव्वा वर्षाची, चार म्हणजे दोनेक वर्षांची. दोन दाती किंवा चार दाती गाभण शेळी घ्यावी, तिची उमेदीची वर्षं पुढे आहेत. दात झिजलेली, फटी पडलेली स्वस्त मिळेल, पण चारा तेवढाच खाईल. मग डोळ्याची खालची पापणी अलगद ओढा. आतला भाग लाल-गुलाबी असेल तर ठीक. पांढरट असेल तर पोटात जंत आहेत आणि तिचं रक्त त्यांनी पिऊन ठेवलं आहे. शेपटीखाली ओलं असेल, खोकत असेल, तर पुढे चला. आणि कानात बिल्ला आहे का ते पाहा. राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. विम्यालाही तोच नंबर लागतो.

आणलेली शेळी थेट कळपात सोडू नका. 21 दिवस लांब, वेगळ्या बादलीवर, वेगळ्या खराट्यावर. आमच्या 17 शेळ्यांची किंमत मोजून शिकलेलं वाक्य आहे हे.

शेडबद्दल थोडक्यात. एका शेळीला 10 ते 12 चौरस फूट आडोसा आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा पुरते. लांबी पूर्व-पश्चिम, जमीन उतरती, खाली मुरूम. पत्र्यावर पाचट टाकलं की उन्हाळा सुसह्य होतो. पहिले पैसे शेडात घालणारे लोक मी फार पाहिले. दोन वर्षांनी त्या शेडात कडबा असतो.

रोगराई

लशींचं वेळापत्रक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा, कॅलेंडरवर नको. कॅलेंडर जानेवारीत बदलतं. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, मे महिन्यात, आणि पहिल्यांदाच देत असाल तर पंधरा दिवसांनी पुन्हा. पीपीआरची तीन वर्षांतून एकदा, करडांना चार महिन्यांची झाल्यावर. घटसर्पाचीही पावसाळ्याच्या तोंडावर. लाळ्या-खुरकुताची सरकारी मोहीम येते तेव्हा शेळ्या घरी ठेवा, रानात पाठवू नका. लशी सरकारी दवाखान्यात मिळतात. जाऊन सांगावं लागतं, दोनदा सांगावं लागतं, पण मिळतात. अडीनडीला 1962 हा नंबर लावावा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे.

जंताचं औषध पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर. दर महिन्याला अंदाजाने पाजू नका. तेच ते औषध वारंवार दिलं की जंत त्याला जुमानत नाहीत. काडेपेटीत ताज्या लेंड्या भरून दवाखान्यात नेल्या की तपासून मिळतात. पावसाळ्यात दव वाळल्याशिवाय चरायला सोडू नका. ओल्या गवताच्या टोकाला जंतांची पिल्लं चढून बसलेली असतात.

पण खरं सांगू का, रोगापेक्षा शेळ्या मारतं ते आपलं प्रेम. पुतणीच्या लग्नाला आम्ही सगळेच दोन दिवस गेलो होतो. शेजारच्या पोराला चारा टाकायला सांगितलं. त्या लेकराने मायेने आमच्याच कोठीतली ज्वारी पाटी भरून पुढे ठेवली. आलो तेव्हा तीन शेळ्यांची पोटं डाव्या अंगाला नगाऱ्यासारखी, दात खात आडव्या पडलेल्या. दोन गेल्या. सवय नसताना भरपूर धान्य, शिळा भात, लग्नातलं उष्टं पोटात गेलं की आत आंबतं आणि जनावर विषबाधा झाल्यासारखं जातं. तेव्हापासून आमच्या घरातून सगळे एकदम कुठेच जात नाहीत. माझ्या सख्ख्या भावाच्या साखरपुड्याला हे घरी राहिले. माहेरचे अजून बोलून दाखवतात.

शेळी गाभडली तर तिची वार किंवा मेलेलं करडू उघड्या हाताने उचलू नका. हातात पिशवी घाला, खोल पुरा, वर चुना टाका आणि डॉक्टरांना कळवा. काही आजार त्यातून माणसाला होतात. घरात गरोदर बाई असेल तर तिला तिथे फिरकूही देऊ नका. शेळीचं दूध लेकरांना कच्चं पाजायची पद्धत आहे, ती सोडा. उकळून द्या.

व्यायची रात्र

शेळी पाच महिने, म्हणजे 150 दिवसांच्या आसपास गाभण राहते. बोकड कधी दाखवला ते लिहून ठेवलं असेल तर व्यायची तारीख चार-पाच दिवसांच्या फरकाने सांगता येते. आमच्याकडे ते मुलीच्या जुन्या वहीत लिहिलेलं असतं, एका बाजूला रसायनशास्त्र आणि मागून शेळ्या.

पुस्तकात चौदा-पंधरा महिन्यांत दोन वेतं सांगतात. उस्मानाबादी तेवढी देऊही शकते. आमच्या घरात मात्र वर्षाला एकच. आठजणींना जूनच्या शेवटी बोकड दाखवतो, त्या नोव्हेंबरच्या अखेरीस व्यातात. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी असते, तेव्हा व्याल्या तर करडांकडे बघायला कुणी नसतं. उरलेल्या सहाजणी डिसेंबरअखेर भरवतो, त्या मे संपता संपता मोकळ्या होतात. उन्हाळ्याचा त्रास होतो, चारा राखून ठेवावा लागतो, पण जुलै-ऑगस्टच्या चिखलात व्यालेली करडं जगवण्यापेक्षा ते सोपं. यासाठी बोकड वेगळा बांधायला हवा किंवा त्याच्या पोटाखाली गोणपाट बांधायला हवं. दोन वर्षांनी तो बदलायलाच हवा, नाहीतर बापाची गाठ लेकीशी पडते आणि करडं किरकोळ निघतात. आम्ही शेजारच्या गावातल्या एका घराशी बोकडाची अदलाबदल करतो. पैशाचा व्यवहार नाही.

गेल्या नोव्हेंबरअखेरची एक रात्र सांगते. चांदी नावाची आमची शेळी संध्याकाळपासून पाय आपटत होती, खाली बसे, उठे, स्वतःच्या कुशीकडे वळून बघे. कास तट्ट फुगलेली, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडलेले. आत्याबाई म्हणाल्या, आज रात्री. त्यांचं चुकत नाही. साडेअकराला पाण्याची पिशवी दिसली. पुढचे दोन खूर आणि त्यावर टेकवलेलं नाक दिसलं की हात बांधून बसायचं, शेळीला काही कळत नाही असं समजून ओढाओढ करायची नाही. पहिलं करडू वीस मिनिटांत आलं. दुसऱ्याचा मात्र एकच पाय दिसत होता. चांदी कळा देऊन देऊन थकली. अर्धा तास झाला, पाऊण झाला. कळा येऊनही तासभर काही सरकलं नाही तर डॉक्टर, हा आमचा नियम. फोन लावला. डॉक्टर येईपर्यंत ह्यांनी तिला धरून ठेवलं आणि मी पहिल्याला बघितलं. डॉक्टरांनी हात साबणाने धुऊन, तेल लावून आत मुडपलेला पाय सरळ केला. करडू बाहेर आलं ते निपचित. नाकातला चिकटा काढला, गोणपाटाने खसाखसा चोळलं, मागचे पाय धरून अलगद उलटं धरलं. शिंकलं! मुलगा पांघरुणातून सगळं बघत होता, तो टाळ्या वाजवायला लागला. उद्या शाळा आहे, झोप, असं म्हणायचं मला सुचलंच नाही.

पुढचं काम बाईच्या हातचं. नाळ पोटापासून दोन बोटांवर स्वच्छ दोऱ्याने बांधायची, पुढे कापायची, टोक आयोडिनमध्ये बुडवायचं. सड धुवायचे, पहिली धार जमिनीवर सोडायची आणि अर्ध्या तासात करडाच्या तोंडात सड द्यायचा. चीक पडला नाही तर करडू पंधरा दिवसांत कशाने तरी जातं. वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक पहिल्या दिवसात पोटात जायला हवा, म्हणजे दोन किलोच्या करडाला दोनशे मिली, तोही थोडा थोडा. चीक जास्त झाला तर खरवस करून खाण्याआधी दुबळ्या करडाचा विचार करा. वार पडायला काही तास लागतात, ओढू नका. थंडीत करडांखाली कडब्याचं पाचट, भिंतीला गोणपाट, आणि तोंडावर वारा नको.

हिशेब

आता तो हिशेब, जो पाहुण्यांना मी कागदावर दाखवते. गेल्या वर्षी 14 शेळ्यांना 23 करडं झाली. तीन मेली. तीन पाटी, म्हणजे मादी करडं, आम्ही घरी ठेवल्या. एक शेळी गेली, दोन म्हाताऱ्या विकल्या. एकूण विकली 19 जनावरं: 11 बोकड सरासरी 8,500 रुपयांनी, आठ माद्या सरासरी 6,000 नी. झाले 1,41,500. तीन ट्रॉली लेंडीखत घरच्या रानात टाकलं, ते विकत घेतलं असतं तर 12,000 लागले असते. एकूण 1,53,500. खर्च: खुराक 22,000, गुळी-कडबा 13,000, औषध-लस-डॉक्टर 6,500, विमा 3,500, दोऱ्या-पत्रे-वीज 4,000. मिळून 49,000. उरले 1,04,500.

इथे थांबून लोक खूश होतात. मी पुढची ओळ लिहिते. रोज पाच तास, वर्षाचे 1,825 तास. आमच्याकडे बाईची मजुरी सहा तासांना 300 रुपये, म्हणजे तासाला 50. झाले 91,250. ते वजा केले की नफा 13,250.

म्हणजे हा धंदा तोट्याचा आहे का? नाही. घराबाहेर न जाता, उन्हात दुसऱ्याच्या बांधावर न वाकता, आपल्या वेळेने केलेल्या कामाची मजुरी तो देतो, आणि वर थोडं. पण ज्या घरात ही मजुरी कुणाच्या खात्यावर लिहिलीच जात नाही तिथे सगळा लाख रुपये 'नफा' होतो. तो नफा बघून घरातला पुरुष आणखी वीस शेळ्या आणतो, आणि त्या वीस शेळ्यांचे तास एकाच माणसाच्या अंगावर पडतात. कुणाच्या, ते सांगायला नको. म्हणून कानातले बिल्ले, विमा आणि बँकेचं खातं जी बघते तिच्या नावावर करा. आमच्या ह्यांनी ते कर्ज फिटलं त्या वर्षी केलं. स्वतःहून नाही. मी तीन दिवस भारा आणला नाही.

विकायचं ते वजनावर. नाहीतर व्यापारी बोकडाची कंबर चाचपून डोळे मिटतो आणि आकडा सांगतो. तो आकडा कधीच आपल्या बाजूचा नसतो. लटकवायचा काटा फार महाग नाही, दोन बोकडांत वसूल होतो. भाव कधी असतो? आखाडात चढतो, श्रावण लागला की पडतो, मार्गशीर्षात पुन्हा जरा मंदावतो, धुळवडीला आणि गावोगावच्या जत्रांना उठतो. बकरी ईदसाठी बोकड तयार करायचा तर तो वर्ष पूर्ण झालेला आणि कुठेही व्यंग नसलेला लागतो: मोडकं शिंग नको, फाटका कान नको. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. 2024 मध्ये 17 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला. तेव्हा कोणत्या वेताचा बोकड राखायचा ते उलटं मोजून ठरवा.

विमा काढला असेल तर मेलेली शेळी घाईने पुरू नका. आधी कळवा, बिल्ल्यासह फोटो काढा, डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या. आमचा एक दावा केवळ फोटोत बिल्ला दिसत नव्हता म्हणून परत आला.

लेकरं आणि करडं

मुलांना कामाला लावावं का, असं शहरातली माणसं विचारतात. लावावं, पण काम ठरवून. मुलाकडे पाणी आणि शेंगा, मुलीकडे वही आणि सकाळचा खुराक. शाळा बुडवून चरायला पाठवायचं नाही, आणि पाठवायची वेळ आली तर समजायचं की शेळ्या जास्त झाल्या. एक नियम मात्र अनुभवाने केला आहे: बोकडाला नाव ठेवायचं नाही. माद्यांना ठेवा, त्या राहणार असतात. आमच्या मुलाने एका बोकडाचं नाव राजा ठेवलं होतं. तो विकला त्या दिवशी पोरगं जेवलं नाही, आणि रात्री दावणीच्या रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन बसलं. त्याला काय सांगायचं ते आम्हा दोघांनाही सुचलं नाही. आत्याबाईंनी जवळ जाऊन एक नुकतं जन्मलेलं करडू त्याच्या मांडीवर ठेवलं, बोलल्या काहीच नाहीत.

येत्या जूनमध्ये मुलगी लातूरला शिकायला जाईल. तिच्या वहीचं काम मुलगा करेल म्हणतो, पण सकाळच्या खुराकाची आणि करडं पाजायची वेळ तिची होती. गेल्या आठवड्यात पुन्हा कागद काढून तास मांडले. 14 च्या 11 कराव्या लागणार. तीन शेळ्या आखाडाआधी काढायच्या, हे ठरलं. हे म्हणतात चांदी विका, तिला पुन्हा अडचण येईल. मुलगी म्हणते, चांदीला हात लावाल तर मी जाणारच नाही. आत्याबाई रोज संध्याकाळी दावणीला जाऊन एकेकीच्या पाठीवर हात फिरवतात आणि अजून काही बोलत नाहीत.